‘शांती वाटली’ म्हणजे देवाचा होकार? आत्म्यांची पारख कशी करायची

सराफकट्टा

प्रार्थनासभेत आणि युवक शिबिरात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मी प्रार्थना केली, मला शांती वाटली, म्हणून हो म्हटलं." नोकरी, लग्न, फ्लॅट, सेवा, सगळ्याला हेच माप. हे माप अपुरं आहे आणि कधीकधी उलटंही पडतं, हे मांडायला हा धागा काढलाय. ज्यांना विषय माहीत आहे त्यांनी भर घालावी. साक्षी (स्वतःच्या अनुभवकथा) नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत. इथे पद्धतीवर बोलू.

आधी शब्द. मराठी बायबलमध्ये १ थेस्सलनीकाकरांस ५:२१ मध्ये पौल 'पारख करा' म्हणतो. पारख हा सराफाचा शब्द. मूळ ग्रीक क्रियापद दोकिमाझो, तेही नाणी आणि धातू तपासण्यासाठी वापरलं जायचं. पाचव्या शतकातल्या जॉन कॅसियनने इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंची शिकवण लिहून ठेवली. त्यात मोशे नावाचे एक आब्बा (साधूंचे गुरू) सांगतात, मनात आलेला विचार सराफाने नाणं बघावं तसा बघा. चार प्रश्न विचारायचे. धातू सोन्याचा आहे, की नुसती चकाकी? सोनं खरं आहे, पण त्यावर ठसा भलत्याच राजाचा आहे का? (म्हणजे वचन खरं, पण अर्थ वाकवलेला. अरण्यात सैतानानेही येशूपुढे शास्त्रवचनच टाकलं होतं.) नाणं अधिकृत टांकसाळीतलं आहे, की कुणी घरात पाडलंय? म्हणजे दिसायला भक्ती, पण वाडवडिलांच्या शिकवणीत न बसणारी, उदाहरणार्थ अंगाला न झेपणारे उपास. आणि चौथं, वजन भरतं का, की अहंकाराच्या गंजाने झिजलंय?

'शांती वाटली' यातून जेमतेम पहिला प्रश्न सुटतो. चकाकी दिसली, एवढंच.

यानंतरचं सगळ्यात काटेकोर काम इग्नेशियस लोयोलाचं, म्हणजे येशूसंघाच्या (जेज्वीट) संस्थापकाचं. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय फुटला. अंथरुणावर पडल्यापडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा: एक सरदारकीची, एक संतांसारखं जगण्याची. रंगवत असताना दोन्हींत सारखीच मजा यायची. फरक नंतर पडायचा. पहिलं ओसरलं की मन कोरडं आणि नाराज, दुसरं ओसरल्यावरही मन प्रसन्न. सगळी पद्धत या निरीक्षणावर उभी आहे: विचार चालू असताना काय वाटलं याला मोल कमी, तो निघून गेल्यावर काय उरलं याला जास्त.

त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला १५४८ मध्ये पोप पॉल तिसरे यांची मान्यता मिळाली. आत्म्यांच्या पारखीचे नियम त्यात परिच्छेद ३१३ ते ३३६ मध्ये येतात. पहिल्या आठवड्यासाठी चौदा, दुसऱ्यासाठी आठ. (हे 'आठवडे' सात दिवसांचेच असतात असं नाही, ते साधनेचे टप्पे आहेत.)

सुरुवातीचे दोन नियम वाचले की 'शांती'चा घोळ लक्षात येतो. माणूस देवापासून दूर चाललेला असेल तर वाईट आत्मा त्याला गोंजारतो, सगळं छान चाललंय म्हणतो, आणि चांगला आत्मा मात्र सदसद्विवेकाला टोचणी लावतो. माणूस देवाकडे चाललेला असेल तर नेमकं उलट: वाईट आत्मा कुरतडतो, खोट्या अडचणी उभ्या करतो, आणि चांगला आत्मा धीर देतो. म्हणजे एकच शांती एका माणसात औषध, दुसऱ्यात भूल. तेव्हा पहिला प्रश्न 'शांती आहे का' हा नसून 'सध्या माझं तोंड कुठे आहे' हा आहे. दुसऱ्या टप्प्याच्या सातव्या नियमात यासाठी पाण्याच्या थेंबाची उपमा आहे. स्पंजावर पडला तर मुकाट मुरतो, दगडावर पडला तर आवाज करत उडतो. थेंब तोच.

---

पापडी_नाका

छान सुरुवात. मी वहीचं सांगतो, कारण वहीशिवाय हे नियम हवेतच राहतात.

रोज रात्री दहा ते पंधरा मिनिटं आत्मपरीक्षण. इग्नेशियसचे पाच टप्पे असे: देवाचे आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, चुकलं त्याची क्षमा, उद्याचा निश्चय. लोक तिसऱ्या टप्प्यावर अडकतात आणि त्याची पापांची यादी करून टाकतात. पारखीसाठी उजळणी वेगळी करायची. काय केलं यापेक्षा मन कुठे कुठे हललं ते बघायचं. सकाळपासून तासातासाने मागे या. कुठे उभारी आली, कुठे मन आकसलं, त्याच्या आधी नेमका कोणता विचार होता आणि नंतर काय घडलं.

वहीत चार रकाने पुरे: वेळ, विचार, तेव्हा काय वाटलं, तासाभराने काय उरलं. चौथा रकाना रिकामा सोडला तर वही निरुपयोगी, आणि नेमका तोच सगळे सोडतात. कारण साधं आहे, तो लागलीच भरता येत नाही. थोडी वाट बघावी लागते.

समजा एका नर्सला कुवेतला जायचं की नाही ते ठरवायचंय. तिच्या वहीतला एक नमुना (रचलेला आहे, कुणाचा नाही):

*मंगळवार, रात्री १०. पगार, घराचं कर्ज दोन वर्षांत फिटेल. एकदम हलकं वाटलं. तासाभराने: बहिणीवर उगाच डाफरले, हिशेबाचं ॲप चार वेळा उघडलं.*

*गुरुवार, पहाटेची प्रार्थना. आईजवळ राहावं का? भीती वाटली, रडू आलं. तासाभराने: मन स्थिर, वॉर्डात पेशंटशी नीट बोलले.*

*शनिवार. कुवेतच्या वॉर्डात एकट्या पडलेल्या आपल्या बायका, त्यांच्यासाठी काही करता येईल. उत्साह, पण घाई नाही. रात्रीपर्यंत तसाच.*

मंगळवार आणि शनिवार दोन्ही 'जा'च म्हणतात, पण चव वेगळी आहे. गुरुवार रडवतो, तरी त्याच्या मागे उरलेलं चांगलं आहे. एकाच दिवसाची नोंद वाचून निर्णय घेतला असता तर मंगळवार किंवा गुरुवार, जो हाती लागला तो. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी असतील तर शनिवारसारखी ओळ पुन्हा येते का ते दिसतं.

---

चहाबिस्किट

मी ख्रिस्ती नाही, पण वाचतोय. शंका अशी की याला आपण 'विवेक' म्हणतो तेच ना हे? मग 'आत्मे' आणि 'सैतान' कशाला मध्ये आणायचे?

---

सराफकट्टा

@चहाबिस्किट, विवेक म्हणजे सार-असार वेगळं करणं. तो यात आहेच, तिसऱ्या प्रकारच्या निर्णयात तर तोच मुख्य आहे (खाली येतं). पण ख्रिस्ती समज अशी की मनात उठणारं सगळंच माझं नसतं. इग्नेशियस विचारांचे तीन उगम मानतो: एक माझ्या स्वतःच्या इच्छेतून आलेला, बाकी दोन बाहेरून, चांगल्या आत्म्याकडून आणि वाईट आत्म्याकडून. विवेक विचाराचा मजकूर तपासतो. पारख त्याशिवाय तो आला कुठून आणि चाललाय कुठे, हेही बघते.

मजकूर अगदी खरा असूनही उगम वाईट असू शकतो. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये फिलिप्पैतली दासी पौलाच्या मागे ओरडत फिरते की ही माणसं परात्पर देवाचे दास आहेत, तुम्हाला तारणाचा मार्ग सांगतात. शब्द न् शब्द खरा. तरी बऱ्याच दिवसांनी पौल वळून त्या आत्म्याला हाकलतो. तिच्या भाकितांवर तिचे धनी पैसा कमावत होते, हे त्या पुस्तकाचा लेखक लूक आवर्जून नोंदवतो.

---

नगरची_घंटा

लेख उत्तम, पण प्रॉटेस्टंट बाकावरून एक कुरकुर. इतक्या वह्या आणि चव बघणं चाललंय, यात वचन कुठे आहे? आमच्याकडे क्रम असा: आधी शास्त्र, मग मंडळी, मग परिस्थिती, आणि सगळ्यात शेवटी मनाची हालचाल. मन कपटी आहे, हे यिर्मया १७:९ मध्येच आहे.

शास्त्रातल्या कसोट्या कमी नाहीत, पण लोक एखादीच धरून बसतात. अनुवाद १८ म्हणतं, बोललेलं घडलं नाही तर ते देवाचं नव्हे. बरोबर. पण अनुवाद १३ त्याहून कडक आहे: चिन्ह घडलं तरी, आणि तो माणूस तुम्हाला दुसऱ्या दैवतांकडे नेत असेल, तर ऐकू नका. म्हणजे भविष्य खरं ठरणं हा पुरावा नाही. १ राजे २२ मध्ये सुमारे चारशे संदेष्टे एका सुरात 'चढाई कर' म्हणतात आणि एकटा मीखाया नाही म्हणतो. म्हणजे एकमत हाही पुरावा नाही. १ योहान ४ मध्ये कसोटी ख्रिस्ताची आहे: देहात आलेला येशू ख्रिस्त हा आत्मा कबूल करतो का. मत्तय ७ मध्ये फळाची. फळ पिकायला वेळ लागतो, म्हणून ही कसोटी पहिल्या आठ-दहा दिवसांत लावताच येत नाही. घाई करणाऱ्यांची इथेच फसगत होते.

आणि गिदोनाने खळ्यात लोकर ठेवून दवावरून देवाकडे खूण मागितली, तो लोकरीचा प्रकार तर बंदच करावा. "हे झालं तर समजेन तुझी इच्छा." गिदोनाला आज्ञा आधीच मिळाली होती, शास्ते ६:१४ वाचा. लोकर नंतर आली, आणि ती त्याच्या भीतीपोटी. तिच्यावरून मार्गदर्शनाची पद्धत काढणं म्हणजे रुग्णाचा ताप बघून औषधाचं नाव ठेवण्यासारखं आहे. बायबल उघडून डोळे मिटून बोट ठेवणं त्याच जातीचं. त्या पद्धतीने 'जा आणि तूही तसंच कर' कुठल्याही ओळीला चिकटवता येतं.

---

सराफकट्टा

@नगरची_घंटा, क्रमावर भांडण नाही. इग्नेशियसही परिच्छेद १७० मध्ये आधीच कुंपण घालतो: निवडीचा विषय मुळात चांगला किंवा निदान निर्दोष हवा. लाच घ्यावी की नाही याची पारख करायची नसते. तिथे आज्ञा आहे, वही मिटा. तसंच एकदा केलेलं लग्न किंवा घेतलेली गुरुदीक्षा (धर्मगुरूपदाची) पुन्हा निवडीला काढायची नाही (१७१-१७२). एखाद्याला वैवाहिक आयुष्यात शुष्कता आली की 'हे देवाचं नव्हतंच' असं 'उमगतं', आणि त्या उमगण्याला पारख म्हणतात. नियम त्याला दारातच अडवतो.

पण दोन चांगल्या गोष्टींतली एक निवडायची असते तेव्हा वचन दोन्हीला हो म्हणतं. कुवेत की वसई, हे कुठल्या अध्यायात आहे? तिथे वहीचं काम सुरू होतं. आणि इब्री ५:१४ प्रौढांच्या ज्ञानेंद्रियांना सरावाने बरंवाईट ओळखता येतं म्हणतंच. सराव कशाचा करायचा, तेवढंच आपण बोलतोय.

---

नगरची_घंटा

मान्य. १७० ची अट सगळ्यात आधी लिहा, म्हणजे आमचे लोक उठून जाणार नाहीत. :)

एक भर. १ शमुवेल ३ मध्ये शमुवेलाला तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा तो एलीकडे धावला. ही देवाची हाक आहे हे एलीला तिसऱ्या वेळी कळलं. आवाज ऐकणारा एक, ओळखणारा दुसरा. आणि तो दुसरा कोण? ज्याचं स्वतःचं घर बिघडलेलं होतं, असा म्हातारा याजक. मार्गदर्शक निष्कलंक मिळेपर्यंत थांबलात तर कधीच मिळणार नाही. अनुभवी असला की पुरे.

---

पापडी_नाका

मार्गदर्शकासाठी पुस्तकात एक नेमकी सूचना आहे, परिच्छेद १५. साधना देणाऱ्याने कुठल्याही बाजूला झुकू नये, तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहावं. जो फादर किंवा पाळक दुसऱ्या भेटीतच "तू धर्मगुरूच हो" किंवा "या मुलीशीच लग्न कर, प्रभूने मला दाखवलं" म्हणतो, त्याने काटा बोटाने दाबलाय. नमस्कार करावा आणि दुसरा शोधावा.

गुप्ततेचा नियमही महत्त्वाचा (३२६). शत्रू, म्हणजे वाईट आत्मा, खोट्या प्रियकरासारखा वागतो, सगळं चोरून राहावं ही त्याची इच्छा. एखादी प्रेरणा आली आणि सोबत "हे कुणाला सांगू नकोस, त्यांना कळणार नाही" असाही विचार आला, तर तो दुसरा विचार हीच खूण. पापनिवेदनात किंवा जाणत्या माणसापुढे बोलून टाकलं की निम्म्या वेळा फुगा तिथेच बसतो.

शुष्कतेबद्दल थोडं. इग्नेशियसच्या 'देसोलासिओन'ला कुणी उदासी म्हणतं, कुणी शुष्कता. उदासी म्हटलं की लोक मूडवर जातात, म्हणून मी शुष्कता म्हणतो: विश्वास, आशा, प्रीती तिन्ही पातळ झाल्यासारखं वाटणं, प्रार्थना नकोशी होणं. परिच्छेद ३१८ चा नियम: अशा काळात आधीचा निर्णय बदलायचा नाही. ३१९: उलट प्रार्थना, आत्मपरीक्षण, तप थोडं वाढवायचं. परिच्छेद १३ म्हणतं, तासभर प्रार्थना ठरली असेल आणि कंटाळा आला असेल तर तासाला उठू नका, थोडी जास्तच करा. पाच मिनिटं खूप झाली. एकदम दोन तासांवर जाणारे चौथ्या दिवशी सगळं सोडतात.

याला जोडी आहे परिच्छेद १४ ची: भर उभारीत नवस बोलू नका, वचन देऊ नका. लोकांना ३१८ पाठ असतो, १४ नसतो. शिबिराच्या शेवटच्या रात्री हात वर करून आयुष्यभराची सेवा कबूल करणारे आणि जूनमध्ये तोंड लपवणारे, सगळे या परिच्छेदाचे बळी.

---

चहाबिस्किट

उदासीवरून आठवलं. तुकोबांच्या 'उदास विचारें वेच करी' मधला उदास म्हणजे दुःखी नव्हे ना?

---

सराफकट्टा

नव्हे. तो अलिप्त, आणि गंमत म्हणजे इग्नेशियसला पारखीआधी हवी असलेली अवस्था तीच. तो तिला 'इंडिफेरेन्सिया' म्हणतो: आरोग्य की आजार, संपत्ती की दारिद्र्य, दीर्घायुष्य की अल्पायुष्य, यांत आधीच झुकलेलं नसणं. तुकोबांचा उदास तिथे चपखल बसतो. आजच्या मराठीत मात्र तो शब्द वापरला तर लोक डॉक्टरकडे जा म्हणतील.

ही अवस्था नसेल तर पुढचं सगळं नाटक. नर्सने मनातून तिकीट काढलेलंच असेल आणि आता देवाची सही हवी असेल, तर वहीत सगळ्या ओळी शनिवारसारख्याच येतील. तपासायची सोपी युक्ती: समजा उद्या सकाळी फोन आला की जागा भरली गेली. पहिल्या दहा सेकंदांत काय वाटेल? राग आला तर अजून मोकळं व्हायचंय. तेव्हा मोकळं होण्यासाठीच प्रार्थना करावी, निर्णयासाठी नाही.

आता निवडीचे तीन प्रकार (१७५-१७७). पहिला, शंकेला जागाच उरत नाही असं बोलावणं, मत्तय जकातनाक्यावरून उठला तसं. दुर्मिळ. त्याची वाट बघत बसू नये. दुसरा, उभारी आणि शुष्कतेच्या नोंदींवरून, म्हणजे वर सांगितलेली वही. तिसरा, मन शांत आहे, हालचाल नाही, तेव्हा बुद्धीने.

तिसऱ्यात चार याद्या करायच्या: घेतल्याचे फायदे, घेतल्याचे तोटे, न घेतल्याचे फायदे, न घेतल्याचे तोटे. दोनच का नाहीत असं विचारतात. कारण 'जाण्याचे तोटे' आणि 'राहण्याचे फायदे' एकच नसतात. कुवेतला गेल्यावर आईला एकटं वाटेल हा जाण्याचा तोटा. वसईतच राहून नर्सिंगचं पुढचं शिक्षण करता येईल हा राहण्याचा फायदा, आणि तो दोन याद्यांत कधी उतरतच नाही. मग ओळी मोजायच्या नाहीत, तोलायच्या. सात फुटकळ फायद्यांना एक तोटा भारी पडू शकतो.

याद्या करूनही काटा अडला तर आणखी तीन उपाय. कधीही न भेटलेला माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल? मृत्यूच्या घटकेला काय निवडलेलं बरं वाटेल? न्यायाच्या दिवशी? पहिला सगळ्यात कामाचा, कारण दुसऱ्याच्या बाबतीत आपण अचानक शहाणे होतो.

निर्णय झाला की तो देवापुढे ठेवून पुष्टी मागायची. मात्र ही पायरी फुगवायची नाही. १५४४ मध्ये संघाच्या चर्चना ठरावीक उत्पन्न असावं का, या प्रश्नावर खुद्द इग्नेशियसने चाळीस दिवस घोळवलं. डायरी उपलब्ध आहे. निर्णय लवकर झाला होता, पण तो पुष्टीवर पुष्टी मागत राहिला, आणि शेवटी त्याच्याच लक्षात आलं की आपण आपल्याला हवी तशी खूण मागतोय.

---

केडगाव_लोकल

उभारी सामूहिक असते तेव्हा काय करायचं, यावर. १९०५ च्या जूनअखेर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या संस्थेत, मोठं जागरण (रिव्हायव्हल, विश्वासाची सामूहिक लाट) झालं. मुली रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, सगळ्या एकदम मोठ्याने प्रार्थना करत होत्या. तेव्हापासून आजपर्यंत असल्या गोष्टींवर दोनच पक्ष: 'हे पवित्र आत्म्याचंच' आणि 'हे सगळं उन्माद'.

पारखीच्या दृष्टीने दोन्ही आळशी. जोनाथन एडवर्ड्स या अमेरिकी धर्मोपदेशकाने १७४१ मध्ये येल कॉलेजात याच विषयावर प्रवचन दिलं, अमेरिकेतल्या त्या काळच्या जागरणावर. त्याची रचना हुशार आहे. आधी तो नऊ गोष्टी सांगतो ज्यांवरून काहीच ठरत नाही, ना बाजूने ना विरुद्ध: प्रकार नेहमीपेक्षा वेगळा आहे, अंग थरथरतं, रडू येतं, खूप बोलबाला होतो, काहींना दृश्यं दिसतात, काही जण अविचाराने वागतात, थोडी फसगतही मिसळलेली आहे, वगैरे. मग १ योहान ४ वरून पाच खुणा: येशूबद्दलचा आदर वाढतो का, पापाविरुद्ध काम होतं का, शास्त्राकडे ओढ वाढते का, सत्याकडे नेतं का, देवावरची आणि माणसांवरची प्रीती वाढते का.

व्यवहारात याचा अर्थ असा: सभेतल्या रात्रीची नोंद 'काही ठरत नाही' या खान्यात टाकायची. पाच खुणा तीन-चार महिन्यांनी घरी, कामावर आणि उधारीच्या व्यवहारात बघायच्या.

आणि व्यक्तीला उद्देशून आलेला भविष्यसंदेश असेल तर आणखी काटेकोर. १ करिंथ १४:२९ सांगतं, दोघा-तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारखावं. म्हणजे न पारखता संदेश घेणं हेच वचनाविरुद्ध. शब्द जसेच्या तसे लिहा, तारीख घाला. लग्न, पैसा, स्थलांतर, औषध बंद करणं, यांतलं काही त्यात असेल तर एकट्याने पाऊल उचलू नका. बोलणाऱ्याला त्यातून पैसा, हुकमत किंवा मुलगी मिळणार असेल तर फिलिप्पैच्या दासीचे धनी आठवा.

---

मनोमैत्र

केडगाव_लोकल यांनी औषधाचा उल्लेख केला म्हणून लिहितो. शुष्कता आणि नैराश्याचा आजार वेगळे आहेत, आणि ३१९ आजाऱ्याला लावला तर अपाय होतो. शुष्कतेत प्रार्थना नकोशी वाटते, पण माणूस जेवतो, कामावर जातो, विनोदाला हसतो. दोन आठवडे रोज, दिवसभर, झोप आणि भूक बिघडलेली, कशातच गोडी नाही, जगणं नको वाटतं: हा दवाखान्याचा विषय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, मोफत, मराठीत बोलता येतं. अशा माणसाला उपास आणि जागरण वाढवायला सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला धावायला लावणं. त्याला आवाज ऐकू येत असतील आणि ते हुकूम देत असतील, तर पारखीची वही आधी बाजूला, डॉक्टर आधी.

दुसरं, शंकाकुशंकांचं. एकच पाप पाच वेळा कबूल करूनही चैन नाही, प्रत्येक विचार 'सैतानाचा तर नव्हे' म्हणून उलटून बघायचा. अशांना पापडी_नाकांची रोजची वही देऊ नका. तपासणं हाच त्यांचा आजार असतो. त्यांना एकच मार्गदर्शक, ठरावीक वेळ, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायचं नाही, असा नियम लागतो. इग्नेशियस स्वतः स्पेनमधल्या मान्रेसा गावी या फेऱ्यात सापडला होता आणि त्यावर त्याने वेगळी टिपणं ठेवली आहेत (३४५ पासून).

---

पापडी_नाका

@मनोमैत्र, हे आधीच लिहायला हवं होतं, आभार.

दुसऱ्या टप्प्यातली फसवणूक राहिली. धार्मिक माणसाला वाईट आत्मा वाईट गोष्ट सुचवत नाही, चांगलीच सुचवतो (३३२). प्रकाशदूताच्या वेषात येतो, तुमच्या दारातून शिरतो आणि आपल्या दारातून बाहेर पडतो. म्हणून ३३३ सांगतो, विचाराची सुरुवात, मधला भाग आणि शेवट, तिन्ही चांगले हवेत. एखादी बाई रात्रीच्या प्रार्थनागटात जाऊ लागते: सुरुवात चांगली. मग आठवड्यातून चार रात्री. मग मुलीच्या दहावीकडे बघायला वेळ नाही, सासूशी बोलणं तुटलं, आणि गटाबाहेरचे सगळे 'थंड' वाटू लागले. शेवटी सापाची शेपटी दिसली (हा शब्दही पुस्तकातलाच, ३३४). तिथून मागे चालत यायचं: नेमकं कुठे वळलं? बहुधा 'चार रात्री' या आकड्यावर. गट सोडायचा नाही, आकडा सोडायचा. पुढच्या वेळी तेच वळण आधी ओळखू येतं.

---

नगरची_घंटा

मंडळीच्या पातळीवर विचारतो. पंचकमिटीत प्रश्न आला: जुनी इमारत दुरुस्त करायची की पाडून नवीन? तासभर प्रार्थना होते आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याची 'देवाची इच्छा' ठरते. याला काही पद्धत?

---

सराफकट्टा

आहे, १५३९ ची. इग्नेशियस आणि त्याचे साथी रोममध्ये ठरवत होते की आपल्यापैकी एकाला वरिष्ठ मानून आज्ञापालनाचं व्रत घ्यायचं का. (फ्रान्सिस झेवियर त्यांत होता. तीन वर्षांनी तो गोव्यात उतरला.) दिवसा नेहमीची कामं, रात्री बैठक. बैठकीबाहेर त्या विषयावर एकमेकांशी बोलायचं नाही, म्हणजे गटबाजी होत नाही. प्रत्येकाने स्वतःला त्या गटाबाहेरचा समजून विचार करायचा. आणि मग युक्ती: एका रात्री सगळ्यांनी फक्त विरुद्धचे मुद्दे मांडायचे. दुसऱ्या रात्री सगळ्यांनी फक्त बाजूचे.

तुमच्या कमिटीसाठी: दोन बैठका, मध्ये निदान एक रात्र. पहिल्या दिवशी नवीन इमारतीचे समर्थकसुद्धा तिच्या विरुद्ध एक मुद्दा सांगणार, प्रत्येकी तीन मिनिटं, मध्ये कुणी तोडायचं नाही, तीन-चार जणांनंतर दोन मिनिटं शांतता. मुद्दे फळ्यावर, नावं न लिहिता. ज्याला एकही विरुद्ध मुद्दा सुचत नाही त्याला अध्यक्षांनी हळूच विचारावं, की आपण मोकळे आहात ना. दुसऱ्या दिवशी उलट बाजू. मगच निर्णय.

दोन गोष्टींनी हे कोसळतं. एक, अभियंत्याचा अहवाल आणि खर्चाचा अंदाज आधी हातात नसणं. माहितीची जागा प्रार्थना घेत नाही. दुसरं, पहिल्या बैठकीनंतर चहाच्या टपरीवर दुसरी बैठक भरणं.

---

नगरची_घंटा

टपरी बंद करणं अवघड, पण बाकी करून बघण्यासारखं आहे. छापून कमिटीत वाटतो.

---

चहाबिस्किट

शेवटचा प्रश्न, वहीचा. घरात कुणाच्या हाती लागली तर? लिहिताना हाच विचार आला तर माणूस खरं लिहीलच कसा?

---

पापडी_नाका

नाही लिहिणार, म्हणून लघुलिपी ठेवतात. नावांऐवजी अक्षरं, भावनेला दोन खुणा: उभारीला वर बाण, शुष्कतेला खाली. घटना तीन-चार शब्दांत, स्वतःला कळेल इतकीच. शंभर पानी वही महिनोन्महिने पुरते. महिन्याच्या शेवटी बाण बघून अर्धं पान सारांश काढायचा, तो मार्गदर्शकाकडे न्यायचा, आणि आधीची पानं फाडून टाकली तरी चालतात. फोनवर लिहू नका, रात्री तो हातात घेतला की पंधरा मिनिटांपैकी बारा व्हॉट्सॲपवर जातात.